किल्ली तांदळाच्या डब्यात असते, हे घरच्यांनाच माहीत होतं

पत्र पश्चिम महाराष्ट्रातल्या एका ताईंचं आहे. नाव-गाव काढलंय आणि ओळख पटेल असे एकदोन तपशील बदललेत.

ताई ४१ वर्षांच्या, लग्नानंतर पुण्यात. आई ७० वर्षांच्या, वडील गेल्यापासून तालुक्याच्या गावी एकट्याच राहतात. धाकटा भाऊ त्याच गावात, बायको आणि दोन मुलांसोबत वेगळा. गेल्या वर्षी आई भजनी मंडळाबरोबर अक्कलकोट-गाणगापूरला गेल्या, दोन रात्री घर बंद होतं. परत आल्या तर कुलूप जागच्या जागी, कडी नीट, कपाट बंद. चौथ्या दिवशी पुतणीच्या साखरपुड्याला पाटल्या घालायच्या म्हणून डबा काढला तर आत नुसता कापूस. साडेअकरा तोळे सोनं आणि ६० हजार रोख गेले होते. कपाटाची किल्ली तांदळाच्या डब्यात, तळाशी असायची.

पहिला संशय आला भांडी घासायला येणाऱ्या मावशींवर, त्या ११ वर्षं घरात येतायत. त्यांना दोन दिवस पोलीस स्टेशनला बोलावून बसवून ठेवलं. महिन्याभरानं एका सराफाकडे सोनं विकताना दोघं सापडले, ते निघाले भावाचे मित्र, आणि आई कधी जाणार, जादा किल्ली कुठे, कपाटाची किल्ली कुठे, हे सगळं भावानं सांगितलं असं त्यांनी पोलिसांना सांगितलं. भावाला मोबाइलवरच्या पैसे लावायच्या गेममुळे कर्ज झालं होतं, ही गोष्ट ताईंनीच पोलिसांना सांगितली होती. भाऊ १२ दिवसांनी जामिनावर सुटला. तो म्हणतो, मी फक्त बोलता बोलता सांगितलं, हात लावला नाही. आई म्हणतात तक्रार मागे घेऊ. मामा म्हणतात घरातली गोष्ट घरातच मिटवा. वहिनी फोनवर रडते, पोरांचं काय होणार म्हणून. आई ताईंशी धड बोलत नाहीत. ताई विचारतात: "मी भावाला अडकवलं का? तक्रार मागे घेऊन सोन्यावर पाणी सोडू का? आणि आईला माझ्यावरचा राग सोडायला कसं सांगू?"

ताई,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं, आणि तिन्ही वेळा एकाच ओळीपाशी अडकले. आई आल्या दिवशीच स्वयंपाकघरात गेल्या आणि तांदळाच्या डब्यातली मापाची वाटी त्यांना उताणी दिसली, त्या ती नेहमी पालथी ठेवतात, चाळीस वर्षांची सवय आहे असं तुम्ही लिहिलंय. तांदूळ वरून हातानं सारखा केलेला, फक्त वाटी उताणी. आणि आईनं ते कुणाला सांगितलं नाही, कारण त्यांना वाटलं, वय झालं, आपणच विसरलो असू. हे त्यांनी तुम्हाला सांगितलं ते कधी, तर भावाला अटक झाल्यावर.

माझ्या मते तुमच्या घरात नेमकं काय चोरीला गेलंय ते या वाटीत दिसतं. सोनं गेलं ते गेलंच, त्याची किंमत काढता येते. पण ७० वर्षांच्या बाईला स्वतःच्या स्वयंपाकघरात, स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेल्या गोष्टीवर विश्वास ठेवता आला नाही, ती स्वतःलाच विसराळू म्हणाली, आणि पुढे जेव्हा कळलं की आपलं डोकं ठिकाणावर होतं, तेव्हा त्याच्याबरोबर हेही कळलं की ती वाटी कुणाच्या सांगण्यावरून हलवली गेली. परका चोर आला असता तर कुलूप तोडलं असतं, कपाट फोडलं असतं, सामान अस्ताव्यस्त केलं असतं, चार दिवस भीती वाटली असती आणि मग नवीन कुलूप लावून माणूस सावरतं. इथे नवीन कुलूप कशाला लावायचं? म्हणून आई जे बोलतायत त्याला आत्ता "आईचा निर्णय" समजू नका. त्या अजून धक्क्यात आहेत, आणि धक्क्यातलं माणूस सगळ्यात जवळच्या, सगळ्यात सुरक्षित माणसावर चिडतं. भावावर चिडायची त्यांची अजून हिंमत होत नसणार, कारण तिथे चिडलं की मान्य करावं लागतं, की आपल्या पोरानं हे केलं. तुमच्यावर चिडणं परवडतं. हे तुम्हाला अन्यायाचं वाटेल आणि ते आहेच, पण याचा अर्थ तुम्ही चुकलात असा मुळीच होत नाही.

आता "मी भावाला अडकवलं का" हा प्रश्न. तुम्ही पोलिसांना काय सांगितलं? भावावर कर्ज आहे. ते खरं होतं का? होतं. चोरीच्या तपासात पोलिसांनी विचारलं आणि तुम्ही खरं उत्तर दिलं. भावाला अडकवलं ते भावाच्या मित्रांनी, आणि त्यांच्याआधी भावानं स्वतः. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात ना, तो दांडा कोण झाला हे तुमच्या घरातल्या प्रत्येकाला माहितीये, फक्त बोलायचं कुणाला नाहीये, आणि जी एकटी बोलली तिच्यावर सगळ्यांचा रोष. माझ्याकडे येणाऱ्या पत्रांत हे मी वर्षानुवर्षं बघतेय. घरातल्या माणसानं घात केला की घर त्या माणसाला सांभाळून घेतं आणि ज्यानं घात दाखवला त्याला "घर फोडलं" म्हणतं.

आणि "मी फक्त बोलता बोलता सांगितलं" यावर जरा थांबूया, कारण ही सबब फक्त तुमच्या भावाची नाही, अशा जवळजवळ प्रत्येक प्रकरणात ही असतेच. मी फक्त नंबर दिला, मी फक्त दार उघडं ठेवलं, मी फक्त ओटीपी सांगितला. ताई, आई दोन रात्री नसणार हे बोलता बोलता निघू शकतं. पण जादा किल्ली कुठे, कपाटाची किल्ली डब्याच्या तळाशी, हे बोलता बोलता निघत नाही हो, त्यासाठी कुणीतरी विचारावं लागतं आणि कुणीतरी समजावून सांगावं लागतं. त्या दोघांनी घरात कुठेही उचकापाचक केली नाही, सरळ डब्यात हात घातला. हे सगळं कोर्टात सिद्ध व्हायचंय, ते कोर्ट बघेल, दोन आरोपी पोलिसांसमोर काय बोलले एवढ्यावर कुणाला शिक्षा होत नाही आणि होऊही नये. पण त्यानं माहिती दिल्याचं सिद्ध झालं तर कायदा "फक्त" हा शब्द मानत नाही. १ जुलै २०२४ पासून इंडियन पीनल कोडच्या जागी भारतीय न्याय संहिता आलीये, तिच्यात राहत्या घरातल्या चोरीला ७ वर्षांपर्यंत शिक्षा आहे, रात्रीची घरफोडी लावली तर आणखी कडक, आणि जाणूनबुजून मदत करणाऱ्याला, त्या मदतीमुळे गुन्हा घडला असेल तर, मूळ गुन्ह्याइतकीच शिक्षा होऊ शकते. हे घाबरवायला लिहीत नाहीये. भावाला चांगला वकील लागेल आणि वकिलापुढे तरी त्यानं खरं बोलायला लागेल, म्हणून लिहितेय.

आता मामांचं वाक्य. घरातली गोष्ट घरातच.

ताई, तुम्ही पत्रात भांडीवाल्या मावशींबद्दल अडीच ओळी लिहिल्यात. पहिल्या दिवशी चार तास, दुसऱ्या दिवशी दुपारपासून रात्री आठपर्यंत, आणि तेव्हापासून त्या कामाला येत नाहीत, एवढंच. मला विचारायचंय, तेव्हा मामा काय म्हणाले होते? तेव्हा कुणी म्हणालं का, की अकरा वर्षं घरात येणारी बाई आहे, घरातच बसून विचारू, पोलीस कशाला? नाही ना म्हणालं. संशयित बाहेरची होती तोवर हा गुन्हा होता, एफआयआर होती, पोलीस स्टेशन होतं. संशयित आपला निघाला त्या दिवसापासून ही घरातली गोष्ट झाली. हे तुम्हाला टोचेल, पण मला हे तुम्हाला सांगायलाच हवं, कारण बाकीचं सगळं मला यावरून दिसतं. त्या बाईंची पण पोरं असतील. त्यांच्या वस्तीत पण लोकांनी बघितलं असेल, कुणाला पोलीस स्टेशनला बोलावलंय ते. वहिनी म्हणते पोरांचं काय, तो प्रश्न खराच आहे, तिच्या पोरांचा काही दोष नाही, पण तो प्रश्न तेव्हा कुणाच्याच मनात आला नव्हता.

एक गोष्ट बहुतेकांना माहीतच नसते. साक्षीदार म्हणून पोलिसांना कुणाची विचारपूस करायची असेल तर कुठल्याही वयाच्या बाईला, आणि ६० च्या वरच्या पुरुषाला, ती राहते तिथून दुसरीकडे यायची सक्ती करता येत नाही. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत हे कलम १७९ आहे, जुन्या कायद्यातही बायकांसाठी हे होतंच. पोलिसांनी घरी येऊन विचारायचं असतं. हे तुमच्या आईंना लागू आहे, त्यांचा पुरवणी जबाब घ्यायचा असेल तर पोलीस घरी येतील, तुम्ही शेजारी बसा. आणि हे त्या मावशींनाही लागू होतं. त्यांच्यावर गुन्हा नव्हता, नुसती विचारपूस होती. त्यांना कुणी हे सांगितलं नाही, तुमच्यापैकीही कुणाला माहीत नव्हतं, मला कळतंय ते.

हे मी इतकं ताणून का लिहितेय त्याला माझ्याही मनात एक कारण आहे. मी पुण्यात वाढले. १९७६-७७ साली जोशी-अभ्यंकर हत्याकांड झालं तेव्हा मी शाळेत होते, अंधार पडला की रस्ते ओस, आणि आमच्या वाड्यात प्रत्येक आई पोरांना एकच पढवायची, अनोळखी माणसाला दार उघडायचं नाही. दारांना साखळ्या आल्या, पीपहोल आले. मोठी झाल्यावर मी त्या खटल्याबद्दल वाचलं तेव्हा कळलं की त्या दहा खुनांतला पहिला बळी आरोपींच्याच कॉलेजातला वर्गमित्र होता आणि शेवटचा त्यांच्या कॉलेजातल्या मित्राचा धाकटा भाऊ, घरी सोडतो म्हणून मोटरसायकलवर बसवून नेलेला. दोघंही ओळखीच्या माणसाबरोबर आपल्या पायानं गेले. आणि आम्ही अख्खं शहर साखळ्या लावत बसलो होतो अनोळखी लोकांसाठी. ते गुन्हे फार वेगळे, फार भयानक, तुमच्या घरातल्या चोरीशी त्याची तुलना नाही. पण बोट पहिलं बाहेरच्याकडे जातं ही सवय तीच आहे, आणि आपल्यात ती फार खोल मुरलीये.

(मध्येच इतर वाचकांसाठी: हे फक्त सोन्यानाण्याचं नाही. एनसीआरबीच्या, म्हणजे केंद्राच्या गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांत वर्षानुवर्षं दिसतंय की बलात्काराच्या ९० टक्क्यांहून जास्त प्रकरणांत आरोपी ओळखीचा असतो. गुन्हा लहान मुलावरचा लैंगिक अत्याचार असेल आणि घरातल्या कुणी तो लपवायला मदत करत असेल तर तिथे "घरात मिटवू" हा पर्यायच नाही, पोक्सो कायद्याप्रमाणे माहिती असणाऱ्यानं कळवणं बंधनकारक आहे. चाइल्डलाइन १०९८. त्या बाबतीत मला पत्र लिहून वाट बघू नका, आधी फोन करा.)

बरं, तक्रार मागे घेण्याचं. मामांना वाटतंय तसं पोलीस स्टेशनात जाऊन अर्ज दिला आणि केस बंद, असं होत नाही. घरफोडी-चोरी हा दखलपात्र गुन्हा, एकदा एफआयआर झाली की केस सरकार विरुद्ध आरोपी अशी चालते, आई त्यात फिर्यादी आणि साक्षीदार असतात. कुठल्या कलमात तडजोड चालते, कुठल्या नाही हे कायद्यात ठरलेलं असतं, आणि न चालणाऱ्या कलमांत दोन्ही बाजूंना मिळून हायकोर्टात जावं लागतं. सुप्रीम कोर्टानं २०१२ च्या एका निकालात सांगितलंय की खाजगी स्वरूपाच्या वादात हायकोर्ट असा खटला रद्द करू शकतं, पण ते प्रकरण बघून ठरवतं, हक्क म्हणून मिळत नाही. शिवाय इथे आरोपी तीन आहेत. आईला माफ करायचंय पोराला, पण त्या दोघा मित्रांचं काय, त्यांनाही सोडायचं? हे आईला विचारून बघा, चिडून नाही, खरंच विचारा. मला वाटतं त्या प्रश्नावर त्या पहिल्यांदा बोलत्या होतील.

मग लोक दुसरा रस्ता सुचवतात, आणि तुमच्या मामांनी तो सुचवलाच आहे, की आईनं कोर्टात सांगायचं, मला नीट आठवत नाही, सोनं किती होतं माहीत नाही, किल्ली मीच शेजारी सांगितली असेल. ताई, हे होऊ देऊ नका. शपथेवर खोटं बोलणं हा वेगळा गुन्हा, त्यात आई अडकू शकतात, पण ते बाजूलाच ठेवा. ज्या बाईनं वाटी उताणी बघून स्वतःला विसराळू म्हटलं, तिलाच तुम्ही भर कोर्टात पुन्हा म्हणायला लावणार, की हो, मीच विसरते? एकदा पोरानं तिचं डोकं खोटं पाडलं, आता सगळ्या घरानं मिळून पाडायचं?

यापेक्षा खरं बोलून मऊ राहण्याचा रस्ता आहे. आई कोर्टात जे घडलं ते सांगू शकतात आणि त्याचबरोबर हेही सांगू शकतात की माझ्या मुलाचा हा पहिलाच गुन्हा आहे, मला त्याला जेलात बघायचं नाही. १९५८ चा प्रोबेशन ऑफ ऑफेंडर्स अ‍ॅक्ट आहे, पहिल्यांदा गुन्हा करणाऱ्याला, जन्मठेप किंवा फाशीचा गुन्हा नसेल तर, चांगल्या वर्तणुकीच्या बॉण्डवर सोडायचा अधिकार कोर्टाला आहे. सोडेलच असं नाही, पण भावानं काय केलं ते कबूल करणं, सोनं परत मिळवायला मदत करणं, पैसे भरायला लागणं, याचा कोर्ट विचार करतं. भावाच्या वकिलाशी हे बोलता येईल. तुमच्या आईला माफ करायचंच असेल तर करू देत की, तो त्यांचा हक्क आहे, तुमचा किंवा माझा नाही. पण आज त्यांच्यासमोर माफी मागणारं कुणी उभंच नाहीये. पोरगा म्हणतोय मी काही केलंच नाही. मग माफ कशाचं करायचं? भावाला हे वाक्य तुम्ही सांगा, किंवा वहिनीला सांगा, ती त्याच्यापर्यंत पोचवेल: आईसमोर बसून, मामा नकोत, वकील नको, एकदा सगळं सांग. (पण आधी वकिलाला विचारून, आणि लेखी काही नको, फोनवर मेसेज नकोत, त्याचाही बचावाचा हक्क आहे.)

आता कामाच्या गोष्टी, जशा सुचतील तशा लिहिते.

एफआयआरची प्रत आईला फुकट मिळते, नसेल घेतली तर मागून घ्या. तपास कुठवर आला हे ९० दिवसांच्या आत फिर्यादीला कळवायचं पोलिसांवर बंधन आहे, कुणी कळवलं नसेल तर तपास अधिकाऱ्याला लेखी विचारा, पोच घ्या. आईला स्वतःचा वकील हवा असेल तर बाईला उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते, जिल्हा कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं तिथे जा, किंवा १५१०० ला फोन करा. हा वकील भावाच्या वकिलापेक्षा वेगळाच हवा. मामा म्हणतील एकच बघू, स्वस्त पडेल. नको.

सोन्यावर पाणी सोडायचं काहीच कारण नाही. तुम्ही लिहिलंय चारेक तोळे जसेच्या तसे सापडले आणि काहीची लगड झालीये. ते सगळं मुद्देमाल म्हणून जमा असेल, केस संपेपर्यंत वर्षानुवर्षं तिथेच पडून राहायची गरज नाही, कोर्टात अर्ज करून आईच्या ताब्यात मागता येतं, फोटो आणि यादी करून कोर्ट ते लवकर सोडू शकतं, नव्या कायद्यात यासाठी मुदतीही घातल्यात. त्यासाठी दागिने आईचेच हे दाखवावं लागेल. पावत्या नसतील तर काळजी करू नका, आपल्याकडे कुणाकडे असतात ४५ वर्षांपूर्वीच्या पावत्या. लग्नाचे, मुंजीचे, डोहाळजेवणाचे फोटो काढा, ज्यात आईच्या हातात त्या पाटल्या नीट दिसतायत, मोहनमाळ दिसतेय. ज्या सोनारानं घडवल्या तो किंवा त्याचा मुलगा असेल तर त्याला विचारा. तुमच्या लग्नाच्या अल्बमपासून सुरुवात करा, आणि शक्य असेल तर आईबरोबर बसून करा. हे काम त्यांना दागिन्यांबद्दल बोलायला लावेल, कुठला कधी केला, कुणी दिला, आणि तुमच्यातला अबोला बहुतेक तिथेच कुठेतरी सुटेल, कारण त्यात भावाचं नाव काढायची गरज पडत नाही.

सोनं परत मिळालं की घरात ठेवू नका. बँकेत लॉकर घ्या. १ जानेवारी २०२२ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानं बँकेच्या निष्काळजीपणामुळे चोरी, आग किंवा तिथल्या माणसाचा फ्रॉड झाला तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या १०० पटीपर्यंत असते, म्हणजे अमर्याद नाही, हे लक्षात ठेवा. तरी तांदळाच्या डब्यापेक्षा बरं. लॉकर कुणाबरोबर जॉइंट, नॉमिनी कोण हे आईनं ठरवू देत. तुमचं नाव घालायचा आग्रह तुम्ही धरू नका, आत्ता तर अजिबात नको, उद्या लोक म्हणायला कमी करणार नाहीत की हिचा डोळा होता म्हणूनच भावाला आत टाकलं.

एक फार महत्त्वाचं आणि अशा वेळी सगळे विसरतात. ज्यानं किल्लीची जागा सांगितली त्याच्याकडे आईची अजून काय काय माहिती आहे, याची यादी करा. आईच्या फोनचा लॉक पॅटर्न, एटीएमचा पिन, पेन्शन खात्याला कुणाचा मोबाइल नंबर जोडलाय, युपीआय कुणाच्या फोनवर चालू आहे, आधार कार्डाची झेरॉक्स, सह्या केलेले कोरे चेक. तो पुन्हा काही करेलच असं मी म्हणत नाही. पण कर्ज अजून आहे, वसुलीवाले अजून आहेत, आणि पिन बदलायला दहा मिनिटं लागतात. आधारचं बायोमेट्रिक एमआधार अ‍ॅपवरून लॉक करता येतं. तलाठ्याकडून सातबारा आणि नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीतून घराचा उतारा काढून बघा, नावात काही बदल नाही ना. (ज्या वाचकांकडे घरच्याच माणसानं फोनवरून पैसे काढलेत त्यांनी आधी बँकेला आणि सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला कळवा, घरातलाच आहे म्हणून दोन दिवस थांबलात तर पैसे पुढे सरकलेले असतात.)

कर्ज कुणी फेडायचं? तुम्ही विचारलं नाहीये पण हा प्रश्न येणार, आठ दिवसांत येणार. आईच्या पैशातून नाही, आईचं घर गहाण टाकून तर नाहीच. ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेम्सवर केंद्रानं बंदीचा कायदा केला, पण लागलेली सवय कायद्यानं एका दिवसात सुटत नाही, अ‍ॅप बंद झालं तर माणूस दुसरी वाट शोधतो. भावाला उपचार लागतील, खरोखरचे. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, मराठीत बोलतात, वहिनीलाही तो द्या, तिला स्वतःसाठी लागेल. आणि वहिनीशी तुम्ही बोलत राहा. तिला हे आधी माहीत होतं की नव्हतं हे तुम्हाला कळलेलं नाही, मलाही पत्रावरून कळलं नाही, तोवर तिला आरोपीची बायको म्हणून वागवू नका. मुलांच्या शाळेच्या फीला तुमची मदत होत असेल तर ती थेट शाळेत भरा.

भाऊ जामिनावर आहे, तो आईकडे येतो का हे तुम्ही लिहिलं नाही. जामिनाच्या ऑर्डरमध्ये अटी काय आहेत त्या वकिलाकडून समजून घ्या, साक्षीदारावर दबाव आणायचा नाही ही बहुतेक असतेच. तो किंवा ते मित्र येऊन आईला "केस मागे घे" म्हणून बसत असतील तर तपास अधिकाऱ्याला कळवा. आईला कधी एकटं, घाबरल्यासारखं वाटलं तर ज्येष्ठांसाठी एल्डरलाइन आहे, १४५६७. नंबर मोठ्या अक्षरात लिहून फ्रीजवर लावा. मामांचं काय करायचं? मामांशी वाद घालू नका, त्यांना एक काम सांगा, आईबरोबर रोज संध्याकाळी अर्धा तास बसायचं आणि केसचा विषय काढायचा नाही. करतील ते.

शेजारी, नातेवाईक आईला म्हणत असतील, किल्ली अशी ठेवतात का कुणी, पोराला सांगतात का. तुमच्या पत्रातही हे वाक्य दोनदा आलंय, थोडंसं तुमचंही झालंय ते. सत्तर वर्षांच्या एकट्या बाईनं पोटच्या पोराला किल्ली कुठे आहे ते सांगितलं, कारण उद्या आपल्याला काही झालं तर दार कोण उघडणार. यात चूक काय आहे? किल्लीची जागा बदला, पण हे वाक्य घरात पुन्हा कुणी बोलू देऊ नका, तुम्ही तर नाहीच.

आईला तुमच्यावरचा राग सोडायला सांगू नका. फोन करत राहा, जेवलीस का एवढंच विचारून ठेवलं तरी चालेल. एकदा कधीतरी, ती बरी असेल तेव्हा, तिला त्या वाटीबद्दल विचारा. म्हणा, आई, तुला पहिल्याच दिवशी कळलं होतं ना, तू बरोबर होतीस. बास. त्याच्यापुढे लगेच भावाचं काही नको.

आणि हे सगळं करायच्या आधी त्या भांडीवाल्या मावशींकडे जा. आईला बरोबर न्यायला बघा, तयार नसतील तर एकट्या जा. दोन दिवसांची खाडा मजुरी आणि त्यांनी काम सोडल्यापासूनचे पगार द्या, पण पाकीट हातात ठेवून परत फिरू नका, बसा, चहा दिला तर घ्या, आणि आजूबाजूच्या चार बायकांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगा की चोरी तुमच्याकडून झाली नव्हती, आमच्या घरातून झाली होती, आमचं चुकलं. त्या कामाला परत यायला नाही म्हणाल्या तर आग्रह करू नका. रविवारी जा, इतर दिवशी त्या कामावर असतात.